डाव्या कानाचं निमित्त

३ मार्च, सोमवार

नवरोबा दोन वर्षांसाठी परगावी चालला आहे. आणि "जा" असं म्हणे मीच सांगितलं!

जेवताना सहज म्हणाला, महिनाअखेरीला होकार पक्का कळवायचा आहे. कसला होकार? तर तिकडे मोठाल्या इमारती उभ्या राहतायत, त्यांच्या लिफ्ट बसवायच्या आहेत, आणि कंपनी याला देखरेखीला पाठवते आहे. पगार जास्त, राहायला खोली. मी चमचा हातात धरून बसले.

"मला विचारलंस कधी?"

"विचारलं की. तूच म्हणालीस, जा."

"कधी?"

"कपड्यांच्या घड्या घालत होतीस."

आता आली का पंचाईत! घड्या घालताना मी काय वाट्टेल ते कबूल करते हे सगळ्या घराला ठाऊक आहे. एकदा अशीच "हं, हं" करता करता मी नणंदेला आमचा पलंग देऊन टाकला होता. माणसं पलंग न्यायला दारात आली तेव्हा मला कळलं. मग कुठल्या तोंडाने भांडणार? "म्हटलं असेन," मी म्हणाले. तो ताटली उचलून आत गेला.

जाऊ नकोस, असं तरी म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? कळत नाही.

४ मार्च, मंगळवार

सकाळी म्हटलं — जाऊ नकोस.

"का?"

आणि मला एकही कारण सुचेना! लेक शिकायला बाहेर गेली, घरात आम्ही दोघंच, तो गेला की मी भिंतींशी बोलणार — हे सगळं पोटात होतं. तोंडातून निघालं, "मोरीतला नळ गळतोय." नळ! इतक्या वर्षांच्या संसारानंतर बाईला नवरा कशाला हवा, तर नळाला.

त्याने पाना आणला, नळ नीट केला आणि कामावर गेला.

५ मार्च, बुधवार

नणंदेचा फोन. भावाने तिला सगळं सांगितलेलं दिसतंय. "वहिनी, तू असतेस कुठे गं? शरीर ओट्यापाशी आणि मन गावभर उंडारतंय!" तिच्या ओळखीच्या एक बाई सजगतेचे वर्ग घेतात. आत्ताच्या क्षणात राहायला शिकवतात. दर गुरुवारी. हिने माझं नावही देऊन टाकलं. मी म्हटलं, मला विचारलंस का? तर म्हणते, "आत्ता नाही का विचारलं? तू हं म्हणालीस."

मी खरंच हं म्हणाले होते का?

६ मार्च, गुरुवार

गेले. व्यायामशाळेच्या वरची खोली आहे. खाली माणसं वजनं आपटतात, वर आम्ही शांत बसायचं. शिकवणाऱ्या बाई चालतात हळू, बोलतात हळू, पाणी पितात तेही हळू. मी मनातल्या मनात त्यांचं नाव हळूबाई ठेवलं. हे असं नाव ठेवत बसणं म्हणजेच क्षणात नसणं, हेही लगेच लक्षात आलं. पण ठेवून झालं होतं.

डोळे मिटायचे. हळूबाई एका पितळी वाडग्यावर लाकडी दांडी मारतात. आवाज संपूर्ण विरला की हात वर करायचा. मी हात वर केला. बराच वेळ झाला तरी काहीच सूचना नाही म्हणून एक डोळा किलकिला करून बघितलं, तर सगळ्यांचे हात मांडीवर! हळूबाई हसल्या. "आवाज अजून होता. तुम्ही निघून गेलात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दिवसभर लोकांचे कान तपासते. लोक काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसतात, मी बाहेरून बारीक बारीक आवाज सोडते, ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं. बारीक आवाज हेच माझं पोटपाणी. आणि हात माझाच आधी वर!

८ मार्च, शनिवार

गृहपाठ होता, एक काम पूर्ण लक्ष देऊन करायचं. कप धुतला. कपाच्या कडेवरचा चहाचा डाग, फेस, कोमट पाणी, बोटांखाली कुरकुर करणारी स्वच्छ चिनीमाती — सगळं टिपलं. मनापासून सांगते, बरं वाटलं. डोकं जरा रिकामं झालं.

मागे वळले तर नवरोबा दारात. चेहरा उतरलेला.

"काही म्हणालास का?"

"तीनदा," तो म्हणाला.

आता मी करू तरी काय? कपापाशी हजर होते म्हणून नवऱ्यापाशी गैरहजर! काय म्हणत होतास, म्हटलं. "जाऊ दे," म्हणाला. बॅगेचं काहीतरी असावं. माळ्यावरून मोठी बॅग काढून ठेवलेली दिसली.

९ मार्च, रविवार

दात घासताना फक्त दात घासले. कंटाळा आला. कंटाळ्याकडेही लक्ष द्यायचं असतं म्हणे.

१० मार्च, सोमवार

आज ठरवलं, कप गेला खड्ड्यात, माणसाकडे लक्ष द्यायचं. तो घरी आल्यावर समोर बसले. हात मांडीवर. हं, सांग आता.

"काय सांगू?"

"आज काय झालं कामावर?"

"काही विशेष नाही."

हा माणूस, ज्याच्याकडे रोज एक तरी गोष्ट असायची! कोण लिफ्टमध्ये गादीसकट अडकलं, कोणी आत अडकल्या अडकल्या बायकोशी भांडण मिटवलं, कुणाचं मांजर वरच्या मजल्यावर जाऊन बसलं. मी भाजी चिरत असायचे, हा ओट्याला टेकून सांगत असायचा. आता मी ऐकायला बसले तर गोष्टी संपल्या! कधीपासून सांगणं बंद केलं त्याने? मागच्या महिन्यात? गेल्या वर्षी? आठवून आठवून डोकं दुखलं. तो मात्र माझ्याकडे संशयाने बघत होता. "तुला बरं नाही का?" म्हणाला.

१३ मार्च, गुरुवार

हळूबाईंना विचारलं. कपाकडे लक्ष द्यावं तर नवरा निसटतो, नवऱ्याकडे द्यावं तर तो घाबरतो. नेमकं लक्ष द्यायचं कुठे? त्या म्हणाल्या, "एका वेळी एक." "पण कुठलं एक?" त्या नुसत्या हसल्या. मला असलं हसू कळत नाही. शेजारच्या गृहस्थांना कळलं असावं, त्यांनी मान डोलावली.

वाडगा. पुन्हा हात माझाच आधी.

१४ मार्च, शुक्रवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

दवाखाना उघडला की आमचं यंत्र आधी स्वतःच्या कानाने तपासायचं असतं. तो नियमच आहे. मी रोज तपासते. म्हणजे काय करते? हेडफोन लावते, बटणं दाबते, आणि डोक्यात दूध, वीज, लेकीचा फोन असं काहीबाही चालू असतं. मग "ठीक" म्हणून खूण करते. आज म्हटलं, हेच काम लक्ष देऊन करू.

उजवीकडे सगळं लख्ख. डावीकडे आवाज दबका! दाराआडून आल्यासारखा. आणि अगदी बारीक सूर तर नाहीच. पुन्हा लावलं. नाहीच.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. बाहेर लोक वाट बघत होते. एकामागून एक सगळं जागेवर बसलं. वाडगा. "तीनदा" हाक मारली ती. बदलीचं विचारलेलं. पलंगसुद्धा! मी निघून जात नव्हते. मला ऐकूच येत नव्हतं!

मला रडू आलं, आणि खोटं कशाला लिहू, ते आनंदाचं होतं. बहिरी होते आहे म्हणून आनंद झालेली जगातली पहिली बाई मीच असेन.

१५ मार्च, शनिवार

त्याला सांगितलं. डावा कान जातोय बहुतेक.

तो एकदम खालीच बसला. "म्हणजे तुला ऐकू येत नव्हतं?" दोनदा विचारलं. मग माझा हात हातात घेतला. टीव्ही बंद केला. माझ्या समोर खुर्ची ओढून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मी. उगाच. रागावत. होतो." मला हसू फुटलं. इतकं सावकाश बोललं की कानात काय, भिंतीतसुद्धा शिरेल.

खूप दिवसांनी दोघं एकत्र हसलो.

१७ मार्च, सोमवार

रस्त्याने चालताना तो आता माझ्या उजव्या बाजूने चालतो. चांगल्या कानाकडून. मध्येच मी विसरून बाजू बदलली तर मागून वळसा घालून परत येतो. आणि बोलतो! आज लिफ्टमध्ये दोन वकील अडकले, एकमेकांविरुद्धचे. सुटका होईपर्यंत दोघांनी मिळून आपापल्या अशिलांना शिव्या घातल्या. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. खालच्या ओठाशी एक छोटा व्रण आहे. तो कधीचा? विचारायला पाहिजे.

१९ मार्च, बुधवार

म्हणाला, "बदलीचं बघू. या कानाच्या भानगडीत तुला एकटीला कसं सोडू?" बॅग परत माळ्यावर गेली.

सोप्पं होतं की मग सगळं! फक्त एक कान लागला.

२१ मार्च, शुक्रवार

लवंगीला आज सांगितलं. माझ्याबरोबरच कान तपासते ती. अंगाने बारकी आणि जिभेने तिखट, म्हणून लवंगी. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हेडफोन उलटा करून बघितलास का?"

धरणी दुभंगावी असं वाटलं.

डावीकडे आवाज दबका आला तर पहिली गोष्ट काय करायची? डाव्या बाजूचा हेडफोन उजव्या कानाला लावायचा. तिथेही दबका आला तर दोष यंत्राचा, कानाचा नाही. कुणीही नवखं माणूस आलं की आम्ही हे पहिल्या दिवशी शिकवतो. मी स्वतः शिकवलंय! आणि आठवडाभर मला ते सुचलं नाही. की सुचू दिलं नाही?

उलटा केला. आता उजवीकडे दबका. तार आतून तुटत आलेली, जरा वाकली की आवाज बसतो. मग तिने मला काचेच्या आत बसवलं आणि दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर माझे दोन्ही कान नीट तपासले. बटण दाबून दाबून माझा अंगठा दुखला. बाहेर आल्यावर म्हणते, "या वयात असे कान! भाग्यवान आहेस."

भाग्य कसलं डोंबलाचं! म्हणजे मला सगळं ऐकू येत होतं. वाडगाही, नवराही. तरी मी नव्हतेच तिथे.

२२ मार्च, शनिवार

त्याला सांगितलं नाही. उद्या सांगेन.

२३ मार्च, रविवार

नाही सांगितलं. तो उजव्या बाजूने चालत होता.

२४ मार्च, सोमवार

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडून भरपूर बोलणी खाल्ली. योग्यच होती. तार कधीपासून बिघडली होती कोण जाणे, मी तर रोज "ठीक" म्हणत होते. अलीकडे ज्यांचा डावा कान कमकुवत निघाला त्या सगळ्यांना पुन्हा बोलवायचं. फोन मी करायचे.

पहिलाच फोन एका निवृत्त शिंपीकाकांना. म्हटलं काका, आमच्या यंत्रात दोष होता, तुमचा कान कदाचित चांगला असेल. मग दबक्या आवाजात, "बाई, हे घरी नाही ना कळवलंत? बायकोला सांगून टाकलंय मी. केवढी शांतता आहे घरात! ती आता खोलीत येऊन, समोर बसून बोलते हो. पूर्वी स्वयंपाकघरातूनच ओरडायची." तपासणीला येतो म्हणाले. पण एकटाच येतो म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पुढचा नंबर लावला.

२६ मार्च, बुधवार

हळूबाई सांगतात, मनात जे येईल ते फक्त बघा, त्याला चांगलं-वाईट म्हणू नका. बघते आहे. मी खोटं बोलते आहे, हे अगदी सजगपणे बघते आहे. तो "मीठ दे" म्हणतो तेव्हा मी मुद्दाम क्षणभर थांबून वर बघते, आणि तो पुन्हा, मोठ्याने, प्रेमाने म्हणतो. हे थांबणं मी स्वतः शोधून काढलं. कुणी शिकवलं नाही.

पण एक आहे. त्याचं बोलणं मी आता खरंच ऐकते. शब्द न् शब्द. बहिरं असल्याचं नाटक करताना माणसाकडे फार लक्ष द्यावं लागतं. मग हे खोटं आहे की खरं? काल त्याला व्रणाचं विचारलं. सुरुवातीच्या कामावर असताना लिफ्टचं दार लागलं होतं म्हणाला. लग्नाआधीचा आहे! इतकी वर्षं मी कुठे बघत होते?

२७ मार्च, गुरुवार

वाडगा. आज मी ठरवूनच बसले होते, ऐकणारच. ऐकत राहिले, ऐकत राहिले. शेवटी हात वर केला आणि डोळे उघडले तर वर्ग आवरून लोक सतरंज्या गुंडाळतायत. "आज फार थांबलात," हळूबाई म्हणाल्या. माझा काही ताळमेळच बसेना.

निघताना त्यांना सगळं सांगून टाकलं. कान, तार, नवरा, बदली. त्या पहिल्यांदाच हसल्या नाहीत. झटकन, अगदी आपल्यासारख्या बोलल्या. "अहो, मग त्यांना सांगा ना!" मला त्या एकदम आवडल्या.

२८ मार्च, शुक्रवार

सांगायला गेले. तो माझ्यासाठी दारावरची घंटा बदलत होता, मोठ्या आवाजाची. शिडीवर उभा राहून विचारतो, "ऐकू येते का?" सगळ्या मजल्याला ऐकू येत होती. खालचे आजोबा काठी घेऊन वर आले.

मी म्हटलं, येते.

२९ मार्च, शनिवार

सोमवारी तो कंपनीला नाही म्हणून कळवणार आहे. "एवढी मोठी संधी," मी म्हटलं. "तुझ्या कानापेक्षा मोठी नाही," तो म्हणाला, आणि अंडी फेटायला लागला.

मी गप्प राहिले तर तो राहतो. बोलले तर जातो. इतकं सरळ आहे. तरी दुपारभर मला गप्प बसवेना. कानाला जपणारा नवरा मला मिळालाय, आणि त्या कानाला काही झालेलंच नाही. मग तो ज्या बाईसाठी थांबतो आहे ती कोण? मी नव्हे. ती बिचारी डाव्या कानाने अधू आहे, तिचा काही दोष नाही. माझा आहे. मी त्याला "जा" म्हटलं आणि मला ते आठवतसुद्धा नाही.

सांगितलं तर जाईल, नाही सांगितलं तर आयुष्यभर वर बघून थांबत बसावं लागेल. जाऊ नये तो. मला तो हवा आहे. हे नळाच्या वेळी का नाही सुचलं?

उद्या. नक्की.

३० मार्च, रविवार

सांगितलं. दोन्ही कान उत्तम आहेत, बिघाड तारेत होता, आठ-दहा दिवस मला हे माहीत आहे. तू बदलीचं विचारलंस ते मला नीट ऐकू आलं असणार आणि मीच "जा" म्हणाले असणार. तेव्हा कानासाठी राहू नकोस. माझ्यासाठी राहिलास तर राहा. मला तू इथे हवा आहेस.

तो रागावला नाही. टेबलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी विचारलंच नव्हतं."

म्हणजे?

"कधीच नाही विचारलं. तू घड्या घालत होतीस. मी दारापर्यंत आलो आणि परत फिरलो. मग त्या दिवशी जेवताना म्हटलं, तूच जा म्हणालीस असं सांगून बघू. वाटलं, भांडशील. म्हणशील, असं मी मेले तरी म्हणणार नाही."

मी त्याच्याकडे बघत होते.

"तू म्हणालीस, म्हटलं असेन."